नवा खेळाडू बेंचवर, वावड्या बाहेर: फुटबॉलमधल्या ट्रान्सफरच्या बातम्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या फुटबॉलमध्ये एखाद्या क्लबने ऑगस्टमध्ये गाजावाजा करून घेतलेला खेळाडू नोव्हेंबरपर्यंत बेंचवर दिसू लागला की ‘जानेवारीत जाणार’ या बातम्या सुरू होतात. त्यातल्या बहुतेकांची गत बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी अशी असते. काही मात्र खऱ्या निघतात, आणि त्या ओळखायला मथळ्यापेक्षा मिनिटं, करार आणि नियमपुस्तक जास्त उपयोगी पडतं. खाली दोन उदाहरणं पुन्हा पुन्हा येतील: मँचेस्टर युनायटेडचा डॉनी व्हॅन डे बीक आणि चेल्सीचा पियेर-एमेरिक ऑबामेयांग. दोघांचीही प्रकरणं आता संपली आहेत, त्यामुळे कोणती बातमी खरी ठरली आणि कोणती विरली हे पडताळून पाहता येतं.

खेळाडूला खरंच कमी खेळायला मिळतंय, की तसं नुसतं वाटतंय?

‘किती सामन्यांत दिसला’ हा आकडा बाजूला ठेवा. ८८ व्या मिनिटाला उतरलेला खेळाडूही ‘एक सामना’ म्हणून मोजला जातो. व्हॅन डे बीक २०२०-२१ च्या पहिल्या हंगामात युनायटेडसाठी सगळ्या स्पर्धा धरून ३६ सामन्यांत मैदानावर आला. आकडा ऐकून वाटेल, बरंच खेळला की! पण इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या ज्या १९ सामन्यांत तो दिसला, त्यांपैकी पहिल्या अकरात तो फक्त ४ वेळा होता.

हिशेब असा करा. संघाचे सामने गुणिले ९०, ही झाली उपलब्ध मिनिटं. त्यातून दुखापत आणि निलंबनामुळे तो बाहेर असलेले सामने वजा करा. उरलेल्या मिनिटांना तो खेळलेल्या मिनिटांशी ताडून पाहा. समजा संघाचे २० सामने झाले आणि खेळाडू ३१५ मिनिटं खेळला. १,८०० पैकी ३१५ म्हणजे साडेसतरा टक्के. पण त्यातल्या ६ सामन्यांत तो जखमी असेल, तर १,२६० पैकी ३१५, म्हणजे २५ टक्के. वजाबाकी न करता मथळा देणं ही नेहमीची चूक आहे आणि बऱ्याचदा ती मुद्दाम केलेली असते.

त्यानंतर दोन गोष्टी पाहा. मिनिटं कुठल्या स्पर्धेत मिळाली? लीग कपच्या सुरुवातीच्या फेरीतली ९० मिनिटं आणि लीगमधल्या मोठ्या सामन्यातली ९० मिनिटं सारखी नव्हेत. आणि संघ जिंकत असताना उतरवतात की हरत असताना? व्हॅन डे बीकने युनायटेडसाठी ६२ सामन्यांत २ गोल केले. दोन्ही वेळा तो बदली म्हणून उतरला होता आणि दोन्ही सामने संघ हरला: क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-१ आणि वॉटफर्डविरुद्ध ४-१. खेळाडू प्रशिक्षकाच्या मुख्य योजनेत आहे की नाइलाजाच्या, हे त्यावरून कळतं.

किती दिवस थांबून मग काळजी करायची?

परदेशातून आलेल्या खेळाडूच्या बाबतीत निदान डिसेंबर संपेपर्यंत. फाबिन्यो २०१८ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला आला आणि लीगमध्ये पहिल्या अकरात यायला ऑक्टोबरचा उत्तरार्ध उजाडला. त्याच हंगामाच्या शेवटी, जून २०१९ मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो सुरुवातीपासून खेळत होता. अँडी रॉबर्टसन २०१७ मध्ये हल सिटी क्लबातून आला, तोही काही महिने बाहेरच बसला. डिसेंबरमध्ये अल्बेर्तो मोरेनो जखमी झाला, रॉबर्टसनला जागा मिळाली आणि ती त्याने सोडली नाही.

या दोघांत आणि व्हॅन डे बीकमध्ये फरक काय? लिव्हरपूलमध्ये त्यांच्यासाठी ठरलेली भूमिका होती, फक्त वेळ यायची होती. व्हॅन डे बीकच्या आवडत्या जागेवर, स्ट्रायकरच्या मागे, ब्रुनो फर्नांडिस आधीच होता, आणि तोही जवळपास प्रत्येक सामना खेळणारा. म्हणून महिने मोजण्याआधी त्याच जागेवर पुढे कोण आहे ते पाहा.

एवढे पैसे मोजून घेतलेला खेळाडू प्रशिक्षक बसवून का ठेवतो?

कारण अनेकदा घेणारा वेगळा असतो आणि खेळवणारा वेगळा. ऑबामेयांगचं उदाहरण घ्या. बोरुसिया डॉर्टमुंडमधला त्याचा जुना प्रशिक्षक थॉमस टुखेल याच्यासाठी चेल्सीने त्याला १ सप्टेंबर २०२२ रोजी, विंडोच्या (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीसाठी ठरलेल्या मुदतीच्या) शेवटच्या दिवशी घेतलं. ६ सप्टेंबरला झाग्रेबमध्ये तो चेल्सीकडून पहिला सामना खेळला. ७ सप्टेंबरला टुखेलची हकालपट्टी झाली! नव्या प्रशिक्षकाच्या हाती असा खेळाडू आला, जो त्याने मागितलाच नव्हता. चेल्सीसाठी ऑबामेयांगचे एकूण गोल झाले ३.

दुसरं कारण तंदुरुस्तीचं. मँचेस्टर सिटीने २०२२ मध्ये लीड्सकडून घेतलेल्या कॅल्विन फिलिप्सबद्दल विश्वचषकानंतर पेप ग्वार्दिओलाने पत्रकारांसमोरच सांगितलं की, तो वजन वाढवून परतला आहे. तिसरं कारण खेळण्याच्या पद्धतीचं: आयाक्स या आधीच्या क्लबात व्हॅन डे बीक चेंडूशिवाय धावून जागा काढायचा आणि सोबत्यांना त्याची सवय होती. युनायटेडची आक्रमणं तशी बांधलेलीच नव्हती.

चौथं कारण कराराच्या कलमात दडलेलं असतं आणि ते सगळ्यांत रंजक आहे. अँटोन ग्रीझमन बार्सिलोनाकडून अॅटलेटिको माद्रिदकडे लोनवर, म्हणजे ठराविक काळासाठी उसना, होता. ठराविक प्रमाणातल्या सामन्यांत तो ४५ मिनिटांहून जास्त खेळला, तर अॅटलेटिकोला सुमारे ४ कोटी युरो देऊन तो विकत घ्यावाच लागेल, असं कलम असल्याच्या बातम्या होत्या. २०२२-२३ च्या सुरुवातीला काय दिसलं? ग्रीझमन सामन्यामागून सामना साठाव्या मिनिटाच्या आसपास मैदानात येऊ लागला. ऑक्टोबरमध्ये दोन्ही क्लबांनी नव्याने बोलणी करून बरीच कमी रक्कम ठरवली आणि तो पुन्हा सुरुवातीपासून खेळू लागला. तेव्हा चांगला खेळणारा खेळाडू कारण न देता घड्याळ लावल्यासारखा उशिरा उतरत असेल, तर ‘प्रशिक्षकाशी बिनसलं’ ही बातमी मानण्याआधी कराराची बातमी शोधा.

ही बातमी मुळात येते कुठून?

खेळाडूचा एजंट, विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि कधी खेळाडूच्या जवळचे लोक, यांपैकी कुणीतरी पुडी सोडलेली असते. पुडी कुणी सोडली हे ओळखायचं, तर त्या बातमीने कुणाचं काम होतं ते पाहा. ‘तीन क्लब मागे लागलेत’ या वाक्याचा फायदा विकणाऱ्याला किंवा एजंटला. ‘खेळाडू नाराज आहे, पण लढून जागा मिळवणार’ हे खेळाडूच्या बाजूने. ‘क्लब योग्य रक्कम आल्यास विचार करेल’ म्हणजे क्लबने बाजारात खडा टाकून पाहिला आहे.

एजंटचा फायदा साधा आहे: व्यवहार झाला तर त्याला कमिशन, खेळाडू जागच्या जागी बसून राहिला तर नवं काही नाही. त्यामुळे बेंचवरच्या खेळाडूचा एजंट विंडोच्या तीन-चार आठवडे आधी बोलू लागला, तर त्यात नवल नाही. त्याचं ते कामच आहे.

मग विश्वास कुणावर ठेवायचा?

पत्रकार कुठला आणि क्लब कुठला, ही जोडी पाहा. माद्रिदची ‘मार्का’ आणि ‘आस’ ही क्रीडा दैनिकं रेआल माद्रिदच्या जवळची, बार्सिलोनाची ‘स्पोर्ट’ आणि ‘मुंदो देपोर्तिवो’ बार्साच्या. आपल्या क्लबाच्या आतली बातमी यांच्याकडे बऱ्यापैकी असते. इंग्लंडमधल्या क्लबाच्या मनात काय आहे याबद्दल मात्र त्यांचा अंदाज तुमच्या-आमच्याइतकाच. इंग्लंडच्या व्यवहारांत डेव्हिड ऑर्नस्टीन या पत्रकाराने नाव लावलेली बातमी वजनदार मानली जाते. ट्रान्सफरच्या बातम्या देणाऱ्या फाब्रिझिओ रोमानोचं ‘हिअर वी गो’ हे ठरलेलं वाक्य बहुतेक वेळा तोंडी करार झाल्यावर येतं, पण त्याआधीच्या त्याच्या रोजच्या पोस्टना तेवढं वजन देऊ नका.

बीबीसीचं गॉसिपचं पान पाहून ‘बीबीसीने सांगितलं’ असं म्हणणारे बरेच आहेत. ते पान इतर वर्तमानपत्रांतल्या बातम्या फक्त गोळा करतं. मूळ बातमी कुणाची ते प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

आणखी एक चाचणी. पाच ठिकाणी आलेली बातमी उलट क्रमाने उलगडत जा. पाचही जण एकाच वर्तमानपत्राचं नाव घेत असतील, तर ती एकच बातमी आहे, पाच नाहीत.

‘नजर ठेवून आहे’, ‘चौकशी केली’, ‘प्रस्ताव दिला’ यांत फरक काय?

बराच. ‘नजर ठेवून आहे’ म्हणजे जवळपास काहीच नाही. मोठ्या क्लबचा स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) विभाग शेकडो खेळाडूंवर नजर ठेवतो. ‘चौकशी केली’ म्हणजे एक फोन झाला. ‘वैयक्तिक अटी ठरल्या’ ऐकायला मोठं वाटतं, पण बेंचवरच्या खेळाडूशी अटी ठरवणं सगळ्यांत सोपं असतं, कारण त्याला जायचंच असतं. गाडी अडते ती क्लब-क्लबांत. लेखी प्रस्ताव आणि त्यातला आकडा बाहेर आला की बातमीकडे गंभीरपणे बघा. वैद्यकीय तपासणीचा दिवस आणि शहर छापून आलं, तर व्यवहार बहुधा होतो.

बेंचवर चिडलेला दिसला, सोशल मीडियावरून क्लबचे फोटो काढून टाकले. याचा अर्थ?

फार नाही. २९ सप्टेंबर २०२१ रोजी व्हियारेआलविरुद्ध उतरवलं नाही म्हणून व्हॅन डे बीकने चिडून तोंडातलं च्युइंगगम फेकलं, ते कॅमेऱ्यात आलं आणि आठवडाभर चघळलं गेलं. तो क्लबमधून बाहेर पडला चार महिन्यांनी, विंडो उघडल्यावर. फोटो काढून टाकण्याला तर एवढीही किंमत नाही. अनेकांची खाती दुसरेच कुणी चालवतात.

नको आहे तर क्लब विकून मोकळा का होत नाही?

जमाखर्चामुळे. खेळाडूची खरेदीची रक्कम क्लबच्या वहीत कराराच्या वर्षांत विभागून टाकतात. व्हॅन डे बीकची मूळ रक्कम ३ कोटी ९० लाख युरो आणि करार ५ वर्षांचा. साध्या हिशेबाने दर वर्षी ७८ लाख युरो खर्च. दोन वर्षांनी वहीत उरले २ कोटी ३४ लाख. त्या वेळी कुणी दीड कोटी देऊ केले असते, तर ८४ लाखांचा तोटा त्याच वर्षाच्या ताळेबंदात दाखवावा लागला असता. प्रीमियर लीगच्या नियमांत तीन वर्षांच्या एकत्रित तोट्यावर १० कोटी ५० लाख पौंडांची मर्यादा ठरलेली होती, त्यामुळे असा घाव कुणालाच नको होता.

लोनवर पाठवलं की पगाराचा भार हलका होतो, कधी लोनचे पैसेही मिळतात आणि वहीतली रक्कम वर्षागणिक आपोआप उतरत जाते. म्हणूनच महागड्या खेळाडूबद्दल पहिल्या दीड-दोन वर्षांत ‘विकणार’ अशी बातमी आली तर शंका घ्या, ‘लोनवर जाणार’ आली तर जरा लक्ष द्या. व्हॅन डे बीक एव्हर्टनला लोनवर गेला, मग आइनट्राख्ट फ्रँकफर्टला लोनवर गेला, आणि जुलै २०२४ मध्ये, कराराचं एकच वर्ष उरलं असताना, जिरोनाला विकला गेला. सुरुवातीची रक्कम सुमारे ५ लाख युरो असल्याचं छापून आलं.

पूर्वी करार ७-८ वर्षांचा करून वार्षिक खर्च पातळ करण्याची युक्ती चालायची. युरोपच्या फुटबॉलची संघटना युएफाने २०२३ मध्ये आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रीमियर लीगनेही ही विभागणी जास्तीत जास्त ५ वर्षांवर आणली.

लोनचे प्रकार कोणते?

साधा लोन: हंगाम संपला की परत. पर्यायासह लोन: घेणाऱ्या क्लबला ठरलेल्या किमतीत विकत घेण्याची मुभा. फ्रँकफर्टकडे व्हॅन डे बीकबाबत असा पर्याय होता आणि त्यांनी तो वापरला नाही. सक्तीसह लोन: अट पूर्ण झाली की विकत घ्यावंच लागतं. अट म्हणजे ठराविक सामने, लीगमध्ये टिकून राहणं, युरोपसाठी पात्र होणं, असं काहीही.

पण ‘सक्ती’ या शब्दावर विसंबू नका. युनायटेडचा जेडन सँचो २०२४-२५ मध्ये चेल्सीकडे सक्तीसह लोनवर होता. जून २०२५ मध्ये चेल्सीने त्याला घेण्याऐवजी सुमारे ५० लाख पौंडांचा दंड भरून परत पाठवलं. बातमीत ‘सक्ती’ वाचली, की मोडल्यास काय हेही वाचा.

लोनवर पाठवण्यावर मर्यादा आहे का?

आहे. १ जुलै २०२४ पासून फिफाच्या नियमानुसार कोणत्याही क्लबला एका वेळी आंतरराष्ट्रीय लोनवर ६ खेळाडू पाठवता येतात आणि ६ च घेता येतात. २१ वर्षांपर्यंतचे, क्लबनेच घडवलेले खेळाडू यातून वगळलेले आहेत. प्रीमियर लीगमध्ये एका क्लबकडे लीगमधल्याच दुसऱ्या क्लबांकडून आलेले एका वेळी दोनच लोनचे खेळाडू असू शकतात. तेव्हा ‘अमुक क्लब त्याला लोनवर मागतोय’ हे वाचलं की आधी त्या क्लबच्या दोन जागा भरल्यात का ते पाहा. निम्म्या वावड्या इथेच संपतात.

लोनवरचा खेळाडू प्रीमियर लीगमध्ये मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही. युरोपात तसं नाही: २०१४ मध्ये चेल्सीचाच थिबो कुर्तुआ अॅटलेटिकोकडून चेल्सीविरुद्ध चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी खेळला आणि त्याला अडवणारं कोणतंही कलम चालणार नाही, असं युएफाने आधीच बजावलं होतं.

एका हंगामात खेळाडू किती क्लबांकडून खेळू शकतो?

नोंदणी तीन क्लबांत होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून. अफवा तपासायला याच्याइतकं हुकमी हत्यार नाही. ऑबामेयांग ऑगस्ट २०२२ मध्ये बार्सिलोनाकडून काही मिनिटं खेळला आणि नंतर चेल्सीकडून. झाले दोन क्लब. जानेवारीत युरोपातल्या तिसऱ्या क्लबचं नाव त्याच्याशी जोडणाऱ्या बातम्या म्हणूनच फोल होत्या. फेब्रुवारीत लॉस एंजेलिस एफसीचं नाव आलं, त्याला मात्र आधार होता: अमेरिकेचा हंगाम कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतो आणि अशा वेगळ्या हंगामांसाठी नियमात सवलत आहे. तरी तो गेला नाहीच. जुलै २०२३ मध्ये मार्सेलला गेला.

खेळायला मिळत नाही म्हणून खेळाडू करार मोडू शकतो का?

फिफाच्या नियमांत ‘खेळविषयक रास्त कारण’ नावाची तरतूद आहे. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हंगामात क्लबच्या १० टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत उतरला असेल, तर त्याला करार संपवता येतो. तेही हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांत, आणि भरपाई द्यावी लागू शकते ती वेगळीच. म्हणजे जानेवारीत ‘करार मोडून जाणार’ ही बातमी या तरतुदीत बसतच नाही.

मोठ्या क्लबात ही मर्यादा फार कमी आहे. २०२०-२१ मध्ये युनायटेड ६१ सामने खेळली. १० टक्के म्हणजे ६.१. व्हॅन डे बीक ३६ मध्ये उतरला होता. नाराजी कितीही असो, दार बंद.

कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू परदेशातल्या क्लबशी मोकळेपणाने बोलू शकतो. त्याआधी दोन्ही क्लब राजी असल्याशिवाय काही हलत नाही.

युरोपच्या यादीतून नाव वगळलं. संपलं का?

हा खरा इशारा असतो. मिनिटं कमी असणं हे प्रशिक्षकाचं मत झालं; यादीतून नाव काढणं हा निर्णय झाला. युरोपातल्या स्पर्धांसाठी क्लबने दिलेल्या खेळाडूंच्या यादीत फेब्रुवारीत युएफा तीनच नवी नावं घालू देतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडेझ, मिखाइलो मुद्रिक आणि जोआओ फेलिक्स यांना आत घेतलं आणि ऑबामेयांगला बाहेर काढलं. पाच महिन्यांपूर्वी घेतलेला स्ट्रायकर! त्यानंतर त्याच्या जाण्याबद्दल कुणालाच शंका उरली नव्हती.

विंडोचा शेवटचा दिवस भारतातून पाहायचा तर किती वाजता?

तारीख आणि वेळ दर वेळी बदलते, म्हणून आधी तपासा. १ सप्टेंबर २०२५ रोजी प्रीमियर लीगची विंडो ब्रिटनच्या संध्याकाळी ७ ला बंद झाली, म्हणजे आपल्याकडे रात्री ११.३०. २ फेब्रुवारी २०२६ रोजीही तिथली वेळ ७ चीच, पण हिवाळ्यात घड्याळ तासाने मागे, म्हणून आपल्याकडे रात्रीचे १२.३०. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे रात्री ११ ची मुदत होती. पुण्या-मुंबईतल्या चाहत्यांना पहाटे ४.३० पर्यंत जागावं लागलं.

मुदत टळली तरी लगेच झोपू नका. व्यवहार ठरला आहे पण कागद पूर्ण नाहीत, अशा वेळी दोन्ही क्लब ‘डील शीट’ भरून प्रीमियर लीगकडून दोन तास वाढवून घेऊ शकतात. ती शीट मात्र मुदतीच्या आत पोचावी लागते.

शेवटच्या क्षणी व्यवहार फिसकटतो तो कशाने?

बहुतेकदा कागदांनी. देशाबाहेरच्या व्यवहारात फिफाच्या ट्रान्सफर मॅचिंग सिस्टिममध्ये दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती जुळावी लागते आणि मूळ देशाच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र यावं लागतं. ३१ जानेवारी २०२३ रोजी चेल्सीचा हकीम झियेश लोनसाठी पॅरिसमध्ये पोचला होता, पण योग्य कागद वेळेत गेले नाहीत. फ्रेंच लीगने नोंदणी नाकारली, आणि गडी पुन्हा चेल्सीत.

याच्या उलटही घडतं. जानेवारी २०१३ च्या शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमविचचा पीटर ओडेमविंगी क्लब-क्लबांत काही ठरायच्या आधीच गाडी घेऊन क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर पोचला. व्यवहार झाला नाही, त्याला परत फिरावं लागलं. टीव्हीवर गाडी दिसली म्हणून ट्रान्सफर झाली असं होत नाही, हे तेव्हा कळलं.

लोनवर गेला की खेळायला मिळतंच ना?

नाही. एव्हर्टनने ऑगस्ट २०२१ मध्येच व्हॅन डे बीकला मागितल्याच्या बातम्या होत्या, युनायटेडने सोडलं नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी त्याच क्लबात तो गेला. तोवर क्लब उतरणीला लागला होता, त्याच दिवशी फ्रँक लॅम्पार्ड नवा प्रशिक्षक म्हणून आला आणि मधे दुखापतही आली. लीगमधले एकूण सामने ७. लोन खेळाडूला उपयोगी पडेल का हे ठरवताना त्या क्लबात त्याच्या जागेवर कोण आहे आणि प्रशिक्षक किती दिवस टिकेल, हे दोन प्रश्न पुरेत.

जुना प्रशिक्षक नव्या क्लबात आला, आता तरी खेळवेल?

२०२२ मध्ये एरिक टेन हाग युनायटेडला आला तेव्हा सगळ्यांनी हेच लिहिलं. आयाक्समध्ये, २०१९ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत टॉटनहॅमच्या मैदानावर व्हॅन डे बीकने विजयी गोल केला तो याच प्रशिक्षकाच्या हाताखाली. प्रत्यक्षात ३ जानेवारी २०२३ रोजी बोर्नमथविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम तिथेच संपला. पुढच्या जानेवारीत तो जर्मनीत होता.

ट्रान्सफरमार्क्ट या संकेतस्थळावर खेळाडूची दिसते ती किंमत खरी का?

ती सदस्यांच्या चर्चेतून ठरवलेला अंदाज असते. क्लब ती विचारात घेऊन धनादेश लिहीत नाहीत. त्याच संकेतस्थळावरची करार कधी संपतो ती तारीख मात्र जरूर पाहा. अफवा वाचताना पहिली नजर तिथेच टाका.